मदत हवी आहे: सल्फरचा हायड्रोजन बाँड मॅडमना कसा पटवू?

मंडळी, नमस्कार.

कोल्हापुरात रसायनशास्त्रात पीएच.डी. करतोय. एक थायोसेमिकार्बाझोन (नायट्रोजन आणि सल्फर असलेलं सेंद्रिय संयुग) बनवला, इथेनॉलमधून छान पिवळसर क्रिस्टल मिळाले, एक्स-रे डेटा बाहेरून काढून आणला. रचना सुटली, आर-फॅक्टरही (रचना आणि डेटा यांच्यातल्या तफावतीचं माप) बरा आहे. घोडं अडलंय ते प्रबंधातल्या एका वाक्यावर.

पॅकिंगमध्ये (क्रिस्टलमधल्या रेणूंच्या मांडणीत) दोन रेणू इन्व्हर्जन सेंटरभोवती (सममितीच्या मध्यबिंदूभोवती) उलटसुलट बसलेत. प्रत्येकाचा एन–एच दुसऱ्याच्या सी=एसकडे रोखलेला, मिळून आठ अणूंचं कडं. एच···एस अंतर २.६२ अँगस्ट्रॉम (अणूंमधल्या अंतराचं एकक), एन···एस ३.४३, कोन १५८°. मी सरळ 'हायड्रोजन बाँड' (एका रेणूतल्या हायड्रोजनची दुसऱ्या अणूकडची ओढ) लिहिलं. माझ्या मार्गदर्शक मॅडमनी ते खोडून 'लघुसंपर्क' (नुसती जवळीक, बंध नाही) केलं. त्यांचं म्हणणं, सल्फरची विद्युतऋणता (इलेक्ट्रॉन ओढायची ताकद) २.५८, कार्बनची २.५५, मग सल्फर हायड्रोजन कसला स्वीकारतोय? पाणी १०० अंशाला उकळतं, हायड्रोजन सल्फाइड उणे ६० लाच, म्हणजे त्यात हायड्रोजन बाँड नाहीतच. यावर मला पटकन उत्तर सुचलं नाही.

शिवाय बेंझिन कड्यावरचा एक सी–एच दुसऱ्या सल्फरपासून २.९५ वर आहे, कोन १२८°. त्यालाही बाँड म्हणायचं का? व्हायव्हा जवळ आलाय, जाणकारांनी जरा सांगा.

प्रतिसाद १

सगळे सल्फर एका मापाने मोजू नका. थायोइथर किंवा थायोफिनमधला सी–एस–सी (दोन कार्बनमधला) सल्फर खरंच दुबळा स्वीकारक (हायड्रोजन बाँड घेणारा) आहे, तिथे मॅडम बरोबर. तुमच्या सल्फरशेजारच्या कार्बनवर नायट्रोजन आहेत. त्यांची इलेक्ट्रॉनजोडी आत सरकते आणि सल्फरवर ऋण प्रभार साचतो. खूण तुमच्याच फाइलमध्ये सापडेल: सी=एस बंधाची लांबी बघा. शुद्ध दुहेरी बंध १.६१ च्या आसपास असतो, तुमचा १.६८-१.७० भरेल. ॲलन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये केंब्रिजच्या क्रिस्टल-रचनांच्या डेटाबेसमधल्या रचना चाळून हेच मांडलं: रेझोनन्समुळे (इलेक्ट्रॉन असे सरकून पसरल्यामुळे) सल्फर चांगला स्वीकारक होतो. निबंध 'अॅक्टा क्रिस्टॅलोग्राफिका बी' या नियतकालिकात आहे, मॅडमच्या टेबलावर ठेवा.

हायड्रोजन सल्फाइडचा मुद्दाही आता तेवढा पक्का राहिलेला नाही. बंगळुरूच्या आयआयएससीमधले अरुणन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये त्याच्या दोन रेणूंच्या जोडीत हायड्रोजन बाँड असल्याचं दाखवलं. आययूपीएसीची (रसायनशास्त्राची आंतरराष्ट्रीय संघटना) हायड्रोजन बाँडची २०११ ची व्याख्या ज्या गटाने केली त्याचे प्रमुखही तेच. त्या व्याख्येत स्वीकारकाच्या विद्युतऋणतेची किमान अट नाही, बंध तयार झाल्याचा पुरावा मागितलाय.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण २.६२ हा आकडा तसाच मिरवू नका. तुमचा एन–एच ०.८६ धरलाय ना? एक्स-रेला इलेक्ट्रॉन दिसतात आणि हायड्रोजनचा एकुलता एक इलेक्ट्रॉन नायट्रोजनकडे ओढलेला असतो, म्हणून बंध आखूड भासतो. न्यूट्रॉनने मोजला तर तो साधारण १.०१ निघतो. तेवढा लांबवला की तुमचं एच···एस २.४८ वर येईल. व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची (बंध नसताना अणू जेवढी जागा धरतो ती त्रिज्या) बेरीज ३.०० (१.८० अधिक १.२०), म्हणजे अर्ध्या अँगस्ट्रॉमहून जास्त आत. जमल्यास हा हायड्रोजन डिफरन्स मॅपमधून (रचनेत अजून न धरलेल्या इलेक्ट्रॉनांच्या नकाशातून) शोधून मोकळा रिफाइन करा (त्याची जागा डेटावरूनच ठरू द्या); प्रोग्रॅमने बसवलेल्या हायड्रोजनच्या कोनावर परीक्षक बोट ठेवतात. तक्त्यात सगळी अंतरं तरी लांबवलेली द्या, नाहीतर सगळी मूळची. मिसळलीत तर वाट लागेल.

आयआर (इन्फ्रारेड) वर्णपट घ्याच. विरळ क्लोरोफॉर्म द्रावणात एन–एचचा पट्टा वर आणि घन अवस्थेत खाली सरकलेला दिसला, की वादच नको. मात्र आपल्याकडच्या जुलैत नमुना मिसळून केलेली केबीआरची (पोटॅशियम ब्रोमाइडची) गोळी म्हणजे स्पंज. पाण्याचा ३४०० सेमी⁻¹ जवळचा रुंद पट्टा नेमका तुमच्या एन–एचवर बसेल. एटीआर (गोळी न करता नमुना थेट मोजायची पद्धत) मिळत असेल तर तेच वापरा.

सी–एचचं २.९५ बाँड म्हणून लिहू नका. कोन कमी, अंतर काठावर. असले संपर्क पॅकिंगमध्ये आपोआप होतात.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. आत्ताच फाइल उघडली, सी=एस १.६९ आहे! सी–एचवाली ओळ काढतोय. एटीआर आमच्याकडे नाही, केबीआर ओव्हनमध्ये टाकलंय. एक शंका उरली: रेणूच्या टोकाचा एनएच-दोन गट स्वतःच्याच इमाइन (सी=एनमधल्या) नायट्रोजनकडेही वळलेला आहे. द्रावणात हा आतला बंध तसाच राहत असेल, तर कुठला पट्टा सरकला हे ओळखायचं कसं?