दारूवरील उपचार पुण्यात कुठे आणि खर्चाचे काय?

प्रश्न: माझे थोरले बंधू सकाळी चहाआधीच दारू घेतात आणि एखादा दिवस चुकला, तर हात इतके थरथरतात की बशीत चहा सांडतो. उपचार कुठे घ्यावेत आणि खर्च कसा भागवावा?

उत्तर: थरथर असताना घरच्या घरी दारू एकदम बंद करू नका, झटके येऊ शकतात, आधी ससून या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवा, तेथे खर्चही बेताचा येतो.

उत्तर: येरवड्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून कार्यरत आहे. शुल्कात सवलत हवी असल्यास प्रवेशापूर्वीच स्पष्ट विचारावे. आम्ही संकोचापायी उगाच कर्ज काढले. शासनाचा १४४४६ हा व्यसनमुक्ती मदत क्रमांकही निःशुल्क आहे.

उत्तर: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनाशी निगडित विकारही येतात, त्यामुळे विम्यातून खर्च मिळू शकतो, तरी विमा पॉलिसीतील अपवाद वाचून घ्यावेत. दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस या स्वमदत गटाच्या सभांना मात्र शुल्क नसते.