गोळ्या बंद करू नका ताई

ताई, भाऊजी गेल्यापासून झोप उडालीये आणि घरचे म्हणतात गोळ्या सोड, योग कर, असं लिहिलंत. गोळ्या आपल्या मनाने सोडू नका, डॉक्टरांना विचारूनच. बाकीचं जोडीला करा.

समर्थांचं जांब आमच्या जालना जिल्ह्यातलं, त्यामुळे घरात मनाचे श्लोक मोठ्याने म्हणायची सवय. सगळे २०५ एका दमात नकोत. दोन-चारच घ्या, पण आवाज काढून. या श्लोकांच्या भुजंगप्रयात वृत्ताची चाल अशी आहे की ओळ संपेपर्यंत श्वास सावकाश सोडावाच लागतो, आणि जीभ गुंतली की डोक्यातलं दळण जरा थांबतं. मनातल्या मनात वाचलं तर डोळे ओळीवर अन् मन दवाखान्याच्या वऱ्हांड्यात! भ्रामरी प्राणायामातही तेच, गुणगुणत श्वास सोडायचा.

अश्वगंधा मात्र शेजारणीने दिली म्हणून घेऊ नका. थायरॉईडची किंवा झोपेची गोळी चालू असेल तर वैद्य आणि डॉक्टर दोघांनाही सांगा. निजताना तळपायाला कोमट तीळतेल चोळा, ते खुशाल.

रात्र फारच जड गेली तर १४४१६ लावा. टेली-मानस, मनाच्या त्रासासाठीची फोन हेल्पलाइन, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.