भावाला ए.ए.च्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडू पाहणाऱ्यांचा गट) मीटिंगला जायचंय, ऐरोली-ठाणे भागात कशी शोधायची?

ऐरोलीची_ताई

धाकटा भाऊ पस्तिशीचा, रबाळे एमआयडीसीत फिटर. सेकंड शिफ्ट सुटली की मित्रांबरोबर 'बसतो' आणि भिंत धरत घरी येतो. श्रावणात थेंब घेत नाही, म्हणून पालुपद एकच: "महिनाभर सोडतो तो दारुडा कसा?" गणपती विसर्जन झालं की पुन्हा सुरू. वडिलांनी माळ घालायला लावली, ती खुंटीवर आहे. परवा मात्र शुद्धीत असताना म्हणाला, "ताई, काहीतरी बघ."

ए.ए.बद्दल ऐकलंय. फी किती, मराठी चालतं का? त्याची भीती: कंपनीतलं कोणी तिथे भेटलं तर? आईची भीती वेगळीच. शेजारणीने सांगितलंय की मीटिंग चर्चच्या हॉलमध्ये असते, धर्म बदलायला लावतील. त्यापेक्षा लोकलच्या डब्यात जाहिरात असते ना, 'पिणाऱ्याला न कळवता दारू सोडवा', ती पावडर मागवू म्हणते.

कळव्याचा_काका

ताई, मी ए.ए.चाच माणूस, त्यामुळे नाव विचारू नका. एसटीत ड्रायव्हर होतो एवढं सांगतो.

फी नाही. नावनोंदणी, आधार कार्ड, काही नाही. अट एकच, दारू सोडायची इच्छा हवी. शेवटी पेटी फिरते, दहा-वीस रुपये टाका, नाही टाकले तरी कोणी बघत नाही. जागेचं भाडं आणि चहा त्यातूनच. बाहेरच्या कोणाची देणगी आम्ही घेतच नाही. चालवणारेही आमच्यासारखेच, साहेब कोणी नाही. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, दोघे पिणारे, एकमेकांना सावरत बसले, तिथून हे सुरू झालं. भारतात १९५७ पासून आहे.

आईंना सांगा, स्वस्तात खोली मिळते म्हणून कुठे चर्चचा हॉल, कुठे शाळेचा वर्ग घेतात. देवाचं नाव निघतं, पण ज्याने त्याने आपला देव धरायचा. माझा विठोबा आहे. आमच्यातला एक पक्का नास्तिक ग्रुपलाच देव मानतो, त्याचंही छान चाललंय.

आता कंपनीतलं कोणी भेटलं तर. भेटेल की! मला आमच्याच डेपोतला कंडक्टर भेटला. दोघेही दारात थबकलो. मग त्याने बाकड्यावर सरकून जागा दिली. तोही तिथे भाजी घ्यायला आला नव्हता ना! खोलीत ऐकलेलं बाहेर न्यायचं नाही हा आमच्यात पहिला धर्म. तरी धाकधूक असेल तर ऐरोलीचा ग्रुप सोडून ठाण्याचा किंवा वाशीचा धरा, ट्रान्सहार्बरने जाता येतं.

शोधायचं कसं? ए.ए. इंडियाच्या साइटवर बघा, किंवा हेल्पलाइनला फोन करून स्टेशन सांगा. वार, वेळ आणि भाषा फोनवरच विचारून घ्या. जागा बदलतात, जुन्या यादीवर विसंबून गेलात तर कुलूप दिसेल. 'ओपन' मीटिंग असेल तर तुम्हीही बरोबर जाऊ शकता, 'क्लोज्ड' फक्त पिणाऱ्यांसाठी. आणि फोन शक्यतो त्यालाच करू द्या. तो हो म्हणाला तर आमच्यातले दोघे घरी येऊनही बोलतात.

श्रावणाचं म्हणाल तर मीही पाळायचो. गटारीला दोन महिन्यांचा कोटा एका रात्रीत भरून काढायचा आणि मग महिनाभर साधू. आमच्याकडे महिन्याचा हिशोबच नाही. फक्त आजचा दिवस प्यायची नाही, उद्याचं उद्या.

नेरूळ_सिस्टर

काकांच्या बोलण्यात एक भर. रोज पिणाऱ्याने एकदम बंद करणं धोक्याचं असू शकतं. पहिल्या दोन दिवसांत हात थरथरतात, फिट येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी भास, बरळणंही होतं. म्हणून आधी सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत दाखवा, गोळ्या देऊन सुरक्षितपणे सोडवतात. मीटिंग हवीच, पण ती औषधाची जागा घेत नाही.

ती पावडर अजिबात नको! तिच्यात काय असतं कोणाला ठाऊक? दारूवर उलटणारी डायसल्फिराम असेल आणि न सांगता आमटीत घातली, तर वरून प्यायल्यावर उलट्या होऊन बीपी खाली जाऊ शकतं, जिवावर बेतू शकतं. ते औषध डॉक्टर रुग्णाला सांगूनच देतात. रात्रीबेरात्री काही विचारायचं असेल तर १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, फोन फुकट लागतो.

घणसोली_वहिनी

ताई, तुमचं काय? पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे. मिस्टर यायला तयार नव्हते तेव्हापासून मी एकटी जाते. त्यांच्या ड्यूटीवर खोटा फोन करणं, उधारी फेडणं मी बंद केलं ते तिथल्या बायकांचं ऐकून. सासूबाई अजून बोलतात, बोलू देत.

ऐरोलीची_ताई

आईला सिस्टरचं वाचून दाखवलं, पावडर रद्द. सोमवारी ओपीडी. भावाने फोन स्वतः केला, बाहेर गॅलरीत जाऊन. रविवारची ठाण्याची ओपन मीटिंग आहे, हिंदी-मराठी दोन्ही चालतं म्हणाले. पण तो अडून बसलाय, उभं राहून बोलायला लावलं तर उठून येईन म्हणतो.

कळव्याचा_काका

कोणी लावत नाही. नाव विचारलं तर नुसतं नाव सांगायचं, तेही खरंच हवं असं नाही. मागे बसून ऐकू दे. आणि रिकाम्या पोटी पाठवू नका. पोट रिकामं असलं की तलफ जास्त येते.