प्रतिसाद: वडिलांच्या स्मरणार्थ दरवर्षी 50 हजार

वडिलांच्या स्मरणार्थ तुम्ही भावंडं वर्गणी काढून दरवर्षी 50 हजार रुपये गावातल्या मुलांच्या शिक्षणाला देणार आहात. त्यातून वह्या-दप्तरं वाटायचा विचार चांगलाच, पण पहिली ते आठवीची पाठ्यपुस्तकं जिल्हा परिषद शाळेत मोफत मिळतात. बारावीपर्यंतच्या मुलींना एसटीचा पासही फुकट आहे. खरी अडचण त्यापुढे येते: आयटीआय, नर्सिंग, तालुक्याच्या गावची खोली आणि मेस. फी भरायची वेळ येते जून-जुलैत, नेमकं घरातला पैसा बियाण्या-खतात गेलेला असतो. कापसाचे पैसे दिवाळीनंतर.

म्हणून भावंडांनी वर्गणी डिसेंबर-जानेवारीतच गोळा करावी, जूनपर्यंत मुदत ठेवीत ठेवावी. शंभर पोरांना पाचपाचशे देण्यापेक्षा दोघा-तिघांचा पूर्ण अभ्यासक्रम उचला. फी थेट कॉलेजच्या खात्यात, मेसचे पैसे महिन्याच्या महिन्याला. पाच हजार बाजूला राहू द्या. आजारपण किंवा परीक्षा फी आली की नेमकं तिथंच शिक्षण सुटतं. आणि पुढच्या वर्षाची रक्कम हाती असल्याशिवाय नवा विद्यार्थी घेऊच नका. नापिकीच्या साली वर्गणी आटते, मधेच हात काढला तर त्या पोराचं आधीचं वर्षही वाया जातं.

देणगीवर आयकरात सवलत (80जी) हवी असेल तर देणगी त्यासाठी मान्यता असलेल्या नोंदणीकृत संस्थेमार्फत द्या. 2,000 रुपयांवरची रोख रक्कम, धान्य, कपडे त्यात धरत नाहीत.