मोठेपणी कार्टूनवरून मन कधी उतरलं? ठाणे-नवी मुंबईकरांचे अनुभव

१९९५ साली कार्टून नेटवर्क भारतात आलं, तेव्हा शाळेत असलेली आमची पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे. त्याही आधी रविवारी दूरदर्शनवर 'डकटेल्स' आणि 'टेलस्पिन' हिंदीत लागायचे, तेही आम्ही सोडले नाहीत. कॉलेजात 'द सिम्पसन्स', 'साउथ पार्क', 'फॅमिली गाय'. कार्टून म्हणजे पोरांचं काम, असं कोणी म्हटलं की मी भांडायचो. आजही भांडेन. पण गेली काही वर्षं नवी अमेरिकन मालिका लावली की दहा मिनिटांत लक्ष उडतं. ओळखीतल्या बऱ्याच जणांचं हेच झालंय, म्हणून हा धागा. वय झालं, वेळ नाही, ही कारणं मला पटत नाहीत. वेळ आपण इतर मालिकांना देतोच की. तुमचं मन कुठल्या मालिकेवरून आणि कशामुळे उतरलं, ते लिहा. टिकून असेल तर तेही लिहा.

सुरुवात मी करतो. 'द सिम्पसन्स' डिसेंबर १९८९ मध्ये सुरू झाली. पहिल्याच भागात होमरला नाताळचा बोनस मिळत नाही. बायकोला तो सांगत नाही, गुपचूप मॉलमध्ये सांताक्लॉज होऊन काम करतो. नौपाड्यातल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांचा दिवाळीचा बोनस अडकला की जे वातावरण असायचं, तेच मला तिथे दिसलं. त्या कुटुंबावर माझा जीव जडला तो तिथे. पुढे मात्र होमरवर काहीही कोसळो, पुढच्या भागात सगळं जागच्या जागी. त्याचा मुलगा बार्ट अजून दहा वर्षांचाच आहे आणि मी होमरपेक्षा मोठा झालो. कुणाचं काही बिघडणारच नसेल, तर माझा जीव कशात अडकायचा?

ऐरोली

माझं 'रिक अँड मॉर्टी'वरून उतरलं. मी आयटीत आहे. ठाणे-वाशी लोकलमध्ये मोबाइलवर भाग बघायचो. रिक हा शास्त्रज्ञ आजोबा, मॉर्टी त्याचा नातू. पहिल्या पर्वात रिकच्या औषधामुळे सगळ्या जगाची वाट लागते, तेव्हा दोघं सरळ दुसऱ्या विश्वात निघून जातात. तिथले रिक आणि मॉर्टी नुकतेच स्फोटात मेलेले असतात. हे दोघं आपलीच प्रेतं अंगणात पुरतात आणि त्यांच्या जागी राहू लागतात. तेव्हा वाटलं होतं, काय छाती आहे लिहिणाऱ्याची!

मग बाबांचं डायालिसिस सुरू झालं. कशालाच काही अर्थ नाही, हे रिकचं पालुपद त्या दिवसांत मला ऐकवेना. घरात तर प्रत्येक गोष्टीला अर्थ होता. आज पाणी किती प्यायले, पायावर सूज किती आहे, रात्री झोप लागली का. बाबा गेल्यावर एकदा तोच भाग लावला आणि खड्ड्याच्या प्रसंगाला बंद केला. मालिका वाईट झाली असं मी म्हणणार नाही. माझं तिच्याशी पटेनासं झालं.

धागाकर्ता

ऐरोलीकर, हे इथे लिहिलंत, फार बरं केलंत. घाई नाही, पण कधीतरी 'बोजॅक हॉर्समन' बघा. २०१४ ते २०२०, सहा पर्वं. त्यात केलेल्याची किंमत मोजावी लागते. पाचव्या पर्वातला एक अख्खा भाग म्हणजे आईच्या अंत्यविधीत बोजॅकने केलेलं भाषण आहे.

खारघर

मी टूडी अ‍ॅनिमेशनमध्येच काम करते. पात्राचं डोकं, हात, तोंड सुटे करून बाहुली बांधायची, तिला आम्ही रिग म्हणतो, आणि भागामागून भाग तीच हलवायची. ही काटकसर जुनी आहे. हॅना आणि बार्बेरा या जोडीच्या योगी बेअर या अस्वलाला कॉलर आणि टाय का? मान झाकली की धड तसंच ठेवून फक्त डोकं नव्याने काढता येतं. त्याच दोघांनी १९४० मध्ये 'टॉम अँड जेरी' सुरू केली, ती थिएटरसाठी. तिथे पैसा होता, म्हणून टॉमच्या शेपटीच्या टोकापर्यंत हालचाल पोचते. टीव्हीसाठी बजेट आटलं, चित्रं आटली. त्याचा मला राग नाही, तंगीतूनही शैली निघते.

राग येतो तो बडबडीचा. प्रौढांसाठीच्या बऱ्याच विनोदी मालिकांत तीन पात्रं सोफ्यावर बसून बोलत राहतात, हलतात फक्त ओठ आणि भुवया. डोळे मिटून ऐकलं तरी काही सुटत नाही. मग चित्र काढायचंच कशाला? गेंडी टार्टाकोव्स्कीची 'समुराय जॅक' बघा, २००१ ची. पात्रांना बाह्यरेषाच नाही, आणि कितीतरी वेळ कोणी बोलत नाही. त्याच्याच 'प्रायमल'मध्ये तर संवाद जवळजवळ नाहीतच. दिवसभर हेच काम करून आले तरी या दोन मी आजही लावते.

नेरूळ

'स्वॅट कॅट्स' मी आणि दादा मिळून बघायचो. त्यात लढाऊ विमान उडवणारी दोन मांजरं. दादा टी-बोन, मी रेझर, गच्ची म्हणजे विमान. दादा आता परदेशात असतो. मध्यंतरी एकटीने एक भाग बघितला. चांगलाच होता, पण दुसरा लावला नाही.

कासारवडवली

ऑगस्ट २०२२ मध्ये एचबीओ मॅक्स या स्ट्रीमिंगवाल्यांनी 'इन्फिनिटी ट्रेन'सारख्या मालिका आपल्या सेवेतून काढून टाकल्या. चार पर्वांचं काम! बनवणाऱ्यांनी वर्षं घालवायची आणि मालकाने हिशेबासाठी ते पुसायचं. तेव्हापासून नव्या मालिकेत जीव गुंतवायला मन घेत नाही.

कोपरी

माझं उतरलेलं नाही, आणि पन्नाशी मी केव्हाच ओलांडली. मुलगा बारावीत असताना आमचं बोलणं जवळजवळ बंद होतं. तो 'अवतार: द लास्ट एअरबेंडर' बघत बसायचा, एकदा मीही शेजारी बसलो. २००५ ते २००८, एकूण ६१ भाग, आणि गोष्ट खरोखर संपते. त्यात झुको नावाचा राजपुत्र आहे. त्याच्या चेहऱ्यावरचा भाजल्याचा व्रण बापाने दिलेला. ज्या काकाने त्याला सांभाळलं, त्यालाच तो दगा देतो. शेवटी माफी मागायला जातो, तर त्याचं बोलणं पुरं व्हायच्या आत काका त्याला मिठीत ओढतो. आम्ही दोघंही रडलो. त्या रात्री जेवताना मुलगा स्वतःहून बोलला.

आता आम्ही 'आर्केन' बघतोय. त्याचं ऑफिस महापेला, त्यामुळे शनिवारीच जमतं. पहिलं पर्व झालं. दुसऱ्यात काय होतं ते कृपया इथे कोणी लिहू नका.