आयडलला गेज जुळतात, मग थ्रॉटल उघडल्यावर थरथर का?

तुमच्या जुळ्या सिलिंडरच्या, दोन कार्ब्युरेटरच्या गाडीत आयडलला (थ्रॉटल न पिळता इंजिन नुसतं चालू असताना) दोन्ही व्हॅक्यूम गेज, म्हणजे इंजिनची ओढ मोजणारी मापकं, सारखे दिसतात, पण थ्रॉटल जरा उघडला की हँडल थरथरतं. मला तरी हा दोन्ही कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल केबलच्या ताणातला फरक वाटतो. आयडलला स्लाइड (कार्ब्युरेटरमध्ये हवेची वाट उघडणारी सरकती झडप) स्टॉप स्क्रूवर टेकलेली असते, त्यामुळे तिथे केबलचा संबंधच येत नाही. थ्रॉटल पिळला की एक स्लाइड आधी उचलली जाते, दुसरी मागून येते.

इंजिन बंद करून एअर फिल्टर काढा. दोन्ही स्लाइडखाली एकाच मापाच्या ड्रिल बिटचे गुळगुळीत दांडे अडकवा. मग थ्रॉटल अगदी हळू पिळा. दोन्ही दांडे एकाच क्षणी सैल व्हायला हवेत. एक आधी सुटला तर त्या केबलला ॲडजस्टरवर थोडी ढील द्या. नंतर गाडी आयडलवर ठेवून हँडल डावी-उजवीकडे पूर्ण वळवा. आरपीएम वाढला तर केबल जास्तच ताणलेली आहे.

या सगळ्याआधी व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्हजवळची फट) आणि इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासलंय ना? ते चुकलं असेल तर कार्ब्युरेटर कितीही जुळवा, बसणार नाही.

गेजऐवजी, गेजच्याच जागी दोन्ही टोकं जोडलेली, तेल भरलेली पारदर्शक यू-नळीही उत्तम चालते. ज्या बाजूला तेल वर चढतं तिथे व्हॅक्यूम जास्त, म्हणजे ती स्लाइड कमी उघडी. पाऱ्याच्या नळीत जो फरक १ सेंमी दिसतो, तो तेलात जवळपास १५ सेंमी दिसतो, म्हणून बारीक फरकही लगेच दिसतो. पण आधी फरक बराच कमी करून घ्या, नाहीतर तेल थेट इंजिनात ओढलं जाईल. आणि एअर-कूल्ड (हवेने थंड होणारं) इंजिन असेल तर उभ्या गाडीत ते तापू नये म्हणून समोर पंखा लावाच.