प्रतिसाद: लेखनाला मदत म्हणजे आयतं लिहून देणं नव्हे

वर कुणीतरी म्हटलंय, की प्रबंधाला मदत घेणं म्हणजे दुसऱ्याकडून लिहून घेणं. मला हे अजिबात पटत नाही. आपल्याकडे खानापूर-निपाणीची पोरं दहावीपर्यंत मराठीत शिकतात, घरी मराठी, बाजारात कन्नड, आणि बेळगावात एम.ए.ला आली की एकदम इंग्रजीत प्रबंध! शाळेत उत्तर पाठ करून जसंच्या तसं उतरवलं की पैकीच्या पैकी गुण मिळायचे. प्रबंधात तीच सवय वाङ्मयचौर्य, म्हणजे दुसऱ्याचं लिखाण चोरणं, ठरते. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्यांच्या लिखाणाशी साम्य १० टक्क्यांच्या वर आणि ४० टक्क्यांपर्यंत निघालं, तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो, त्यालाही जास्तीत जास्त ६ महिने.

माझ्या शेजारची मुलगी रडकुंडीला आली होती. मी तिला पुस्तक मिटायला लावलं. म्हटलं, "आता आईला सांगतेस तसं मराठीत सांग." घडाघडा बोलली! तेच मग इंग्रजीत लिहिलं, खाली संदर्भ दिला. पहिला परिच्छेद चार वेळा खोडला, पण शब्द तिचेच होते. (संदर्भ वाचतानाच टिपून ठेवा, नंतर सापडत नाहीत.) अशी शिकवणी प्रत्येक कॉलेजात पहिल्या सत्रापासूनच हवी, प्रबंध अडल्यावर नव्हे.